अकरा विहिरींची सरासरी

दैनिकाच्या कचेरीत त्यांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत टेलरमास्तर. सुई-दोऱ्याशी त्यांचा संबंध शर्टाचं बटण तुटण्यापुरता, आणि तेही बायकोच लावून देई. पण आलेला मजकूर पानातल्या जागेच्या मापाने कापून, शिवण दिसू न देता बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकशे वीस ओळींचा लेख आणि सत्तर ओळींची जागा असली, की मास्तर चष्मा कपाळावर सरकवायचे, चहाचे दोन घोट घ्यायचे आणि अर्ध्या तासात लेख असा बसवायचे, की लिहिणाऱ्यालाही आपलं नेमकं काय गेलं ते चटकन सांगता येऊ नये. कुणी कुरकुर केलीच तर म्हणायचे, "दुखलं का? नाही ना? मी भूल देऊन कापतो."

त्यांचा एक नेम होता. कापायचं तर शेवटाकडून. बावीस वर्षं लोकांचं लिहिणं हाताखालून गेल्यावर त्यांची खात्रीच झाली होती, की माणूस सांगायचं ते आधी सांगून टाकतो आणि मग स्वतःच्याच आवाजात रमून तेच ते दळत बसतो. म्हणून शेवट गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही. आणि खरंच, बावीस वर्षांत बिघडलं नव्हतं. निदान तसं कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

रविवारचं 'आपला परिसर' हे पान त्यांच्याकडे होतं. त्या पानावर एक लेखक लिही, सगळं संपत आलंय, आता काही खरं नाही. पुढच्या रविवारी दुसरा लिही, काही संपत नाही, ही मंडळी उगाच घाबरवतात, आकडे बघा. मास्तर दोघांनाही सारख्याच मायेने कापत. कोण खरं, कोण खोटं यात ते पडत नसत. ते काम साहेबांचं, म्हणजे संपादकांचं, असं त्यांना वाटे. आणि साहेबांना वाटे, मास्तर बघतातच आहेत.

या पानासाठी दोन-तीन महिन्यांनी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या बाई एखादा लेख पाठवत. बुटक्या, कमी बोलणाऱ्या, केस घट्ट बांधणाऱ्या. त्यांचं अक्षर त्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखं नीट. त्या वेळी शहरात मुलामा गल्लीच्या पाण्यावरून वाद पेटला होता. त्या गल्लीत नळांना, दाराच्या मुठींना चकचकीत मुलामा चढवणारे छोटे कारखाने होते. त्यांचं सांडपाणी जमिनीत मुरून गल्लीतल्या विहिरीत क्रोमियम उतरतं, अशी तक्रार होती. तक्रारीमुळे नगरपालिका गल्लीत रोज पाण्याचा टँकर पाठवत असे, पण कुरकुरत. आणि वर्तमानपत्रांतून, छापील पत्रकांतून एकच हिशेब फिरत होता. शहरातल्या अकरा विहिरी तपासल्या, त्यांतल्या क्रोमियमची सरासरी काढली, ती लिटरमागे पंचेचाळीस मायक्रोग्रॅम आली. मर्यादा पन्नास. मग भांडण कशाचं?

बाईंनी या हिशेबावरच लेख लिहिला. मथळा दिला होता, 'सरासरी कोणी पीत नाही'. लिहिण्याची त्यांची एक पद्धत होती. समोरच्याचं म्हणणं आधी इतकं नीट मांडायचं, की त्याने स्वतःच मान डोलवावी. मग ते एकेक करून उसवायचं. म्हणून लेखाच्या पहिल्या अर्ध्यात त्यांनी लोकप्रिय लेखांतले तिन्ही युक्तिवाद अगदी जिव्हाळ्याने मांडले होते. एक, सरासरी मर्यादेत आहे. दोन, विहिरीतले मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी चांगलंच. तीन, क्रोमियम काय, मातीत मुळातही असतंच. दुसऱ्या अर्ध्यात उत्तरं होती. दहा विहिरींत दहा-दहा आणि अकराव्या एकट्या विहिरीत चारशे असेल, तरी सरासरी पंचेचाळीसच येते. आणि मुलामा गल्लीची विहीर ही ती अकरावी.

शनिवारी संध्याकाळी पान जवळजवळ लागलं होतं. साडेसहाला छपाईला सोडायचं. सहाला दहा कमी असताना जाहिरात खात्याचा माणूस आला आणि गादीच्या दुकानाची जाहिरात टेबलावर ठेवून म्हणाला, "मास्तर, दोन कॉलम रुंद आणि वीतभर उंच. तुमच्यासाठी डाव्या हाताचा मळ."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. बाईंचा लेख बरोबर मध्यावर, एका पूर्णविरामाशी, सुबक थांबत होता. 'थोडक्यात, अकरा विहिरींची सरासरी मर्यादेच्या आत आहे, हे आकडे स्पष्ट सांगतात.' तिथून खालचं उचललं की गादी झोपवायला बरोबर जागा. त्यांनी खालच्या परिच्छेदावर नजर टाकली. पहिलंच वाक्य होतं, 'पण हे तिन्ही युक्तिवाद फसवे आहेत.'

बोट थांबलं. हे देव जाणतो आणि मास्तर जाणतात. बोट थांबलं होतं. बाईंना एक फोन करावा, असं मनात आलंही. फोन पलीकडच्या टेबलावर होता आणि खेळाच्या पानाचा माणूस त्यावर कुणाशी तरी हसून बोलत होता. मास्तरांनी मनाशी म्हटलं, पुढच्या रविवारी दुसरा भाग म्हणून टाकू. सोमवारी सांगू बाईंना. आणि बोट खाली आलं. मग मथळा विसंगत दिसायला लागला, कारण त्याचा अर्थ सांगणारा मजकूर पानातच उरला नव्हता. म्हणून त्यांनी नवा घातला: 'अकरा विहिरी: पाणी मर्यादेत'. खाली कुठे 'अपूर्ण' असंही लिहिलं नाही. तेवढ्या शब्दालाही जागा नव्हती. पान साडेसहाला पाच कमी असतानाच सुटलं आणि खाली उतरताना मास्तर शीळ घालत होते.

रविवारी सकाळी त्यांची बायको नेहमीप्रमाणे आधी देवापुढे बसली आणि मग तिने वर्तमानपत्र उघडलं. आधी त्याची खबर घ्यायची, मग जगाची, असा तिचा क्रम. तिने लेख मोठ्याने वाचला. मग पेपर मांडीवर ठेवून म्हणाली, "बरं झालं बाई. त्या गल्लीतल्या बायकांचा जीव भांड्यात पडला असेल. देवालाच काळजी. मी रोज म्हणत होते त्याला, त्या लेकराबाळांकडे बघ म्हणून."

मास्तर म्हणाले, "हं." चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. स्वतःचं काम त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं होतं. सगळं शहर हेच ऐकत असणार.

सोमवारी बाईंना सांगायचं राहिलंच, कारण सोमवारी बाईच आल्या. मास्तरांच्या टेबलापासून साहेबांचं टेबल दोन खुर्च्यांच्या अंतरावर. मध्ये भिंत नाही. बाई उभ्याच राहिल्या.

"साहेब, मी लिहिलं त्याच्या बरोबर उलटं छापलंत. माझ्या नावाने."

"बसा तर खरं, बाई."

"बसायला नाही आले. माझे वरिष्ठ विचारतायत, कारखानेवाल्यांची एवढी बाजू कधीपासून घ्यायला लागलात म्हणून. मी काय सांगू त्यांना?"

साहेबांनी पेन्सिल फिरवली. "काहीतरी तांत्रिक गडबड झाली असणार. मशीनमध्ये कधी कधी मजकूर खाल्ला जातो."

"मशीन मोठं हुशार दिसतंय. नेमका अर्धा खाल्लान, आणि मथळाही नवा सुचवलान."

कचेरीत कुणीतरी हसू दाबलं. साहेबांची नजर ओझरती मास्तरांकडे वळली आणि परत पेन्सिलीवर गेली. त्यांनी मास्तरांचं नाव घेतलं नाही. त्यांना ते माणुसकीचं वाटलं असेल. मास्तर समोरच्या कागदावरच्या ओळी मोजत होते, एक ते वीस आणि पुन्हा एक ते वीस. उठून 'बाई, मीच' एवढं म्हणायला दोन पावलं आणि दोन शब्द लागले असते. मास्तर शब्दांचे एवढे काटकसरी, पण ते दोन त्यांच्याच्याने निघाले नाहीत.

"गुरुवारी खुलासा देऊ," साहेब म्हणाले.

आणि दिला. सातव्या पानावर, तळाला, दोन ओळींचा. 'रविवारच्या अंकातील लेख जागेअभावी संक्षिप्त स्वरूपात प्रसिद्ध झाला. वाचकांनी नोंद घ्यावी.' तो कापून बसवलाही मास्तरांनीच. शहरात त्याची नोंद कुणीही घेतली नाही.

पण त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मास्तरांच्या टेबलावर नगरपालिकेचं एक पत्रक आलं होतं. त्यात लिहिलं होतं, की खुद्द प्रयोगशाळेतील तज्ज्ञांच्या प्रसिद्ध लेखानुसार शहरातील विहिरींचे पाणी मर्यादेत असल्याने मुलामा गल्लीतला टँकर उद्यापासून बंद करण्यात येत आहे. पत्रक तीस ओळींचं होतं. जागा दहा ओळींची. मास्तरांनी ते दहा ओळींत बसवलं. त्या ओळींचा अर्थ त्यांना कळत होता, आणि तरीही त्यांनी ते बसवलं. जुन्या सवयीच्या माणसाचं असंच होतं. घरात आग लागली तरी तो आधी चपला नीट लावून ठेवतो.

त्यानंतर मास्तर सकाळी बायकोच्या शेजारी देवापुढे बसायला लागले. एरवी ते दोन हात जोडून निघणारे. आता डोळे मिटून बसत आणि ओठ हलत. बायकोला आधी बरं वाटलं. मग ती बारकाईने बघू लागली. ताटातलं संपत नव्हतं, आणि शीळ घालत जिना उतरणारा हा माणूस आता कठडा धरून उतरत होता.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, टँकर बंद झाल्याच्या सातव्या दिवशी, मास्तर दुपारच्या सुट्टीत मुलामा गल्लीत गेले. कारखान्यांच्या शटरखालून पिवळसर पाण्याच्या रेघा गटाराकडे निघाल्या होत्या. गल्लीच्या टोकाला विहीर होती, कठड्याला दोर घासून घासून खाचा पडलेल्या. विहिरीला लागूनच एका इस्त्रीवाल्या बाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, वर पत्रा, शेजारी पाण्याची बादली. कपड्यांवर पाणी शिंपडायचं विहिरीचंच, आणि तांब्यात भरलेलंही तिथलंच. तिची सात-आठ वर्षांची मुलगी कठड्याला टेकून पाटीवर काहीतरी लिहीत होती. टेबलामागच्या फळीवर लेखाचं कात्रण चिकटवलेलं होतं.

मास्तरांनी कात्रणाकडे बोट केलं. "हे वाचलंत तुम्ही?"

"वाचून घेतलं. सासूबाईंना पाठ झालंय." इस्त्रीवालीने शर्टाची कॉलर दाबली. "पेपरवाल्यांनी जन्मात एकदा तरी आमच्या सुखाचं छापलं. त्या टँकरच्या रांगेत अर्धा दिवस जायचा हो. पाणी कमी आणि भांडणं जास्त. मागच्या महिन्यात माझा हंडा आणि शेजारणीचं नाक, दोन्ही चेपलं."

"पण तो लेख... अर्धाच होता म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"असं ऐकलं."

"त्या लिहिणाऱ्या बाईपण येऊन गेल्या परवा. म्हणे, पिऊ नका, मी असं लिहिलंच नव्हतं. मी म्हटलं, बाई, नाव तुमचं, आकडे तुमचे, छापलंय चांगलं ठळक. आधी हो म्हणायचं, मग नाही म्हणायचं. आता तुम्हाला टँकरवाल्यांनी गाठलं का?" ती हसली. "गप्प झाल्या बिचाऱ्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला वाईट वाटलं, पण छापील खोटं कसं असेल? आणि तुम्ही कोण?"

आता सांगायचं, असं मास्तरांनी ठरवलं. तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं, "मी? मी वाचक."

"मग वाचा की. पूर्ण छापलाय. खाली गादीची जाहिरातसुद्धा आहे."

तिने तांब्यातून पेला भरून पुढे केला. "घ्या. उन्हातून आलात."

पाणी नितळ होतं. पेल्याच्या तळाची नक्षी दिसत होती. मास्तरांनी पेला हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि टेबलावर ठेवला. "आत्ताच चहा झाला," ते म्हणाले. मुलगी तिकडून आली, तो भरलेला पेला तिने उचलला, गटगट रिकामा केला आणि पुन्हा पाटीकडे गेली. मास्तर बघत राहिले. हात पुढे करून पेला काढून घेता आला असता. तेवढं अंतर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे त्यांचे ओठ इतका वेळ हलत राहिले, की बायकोने समई विझवायचं थांबवून विचारलं, "काय सांगता त्याला एवढं?"

मास्तरांनी सांगितलं. गादी, पूर्णविराम, फोन, पेला, सगळं. सांगताना ते बायकोकडे बघत नव्हते, तसबिरीकडे बघत होते. बायको ऐकत होती. मुलगी पाणी प्यायली, इथवर गोष्ट आल्यावर बायकोने पदराने तोंड पुसलं, जणू तेच पाणी तिच्या तोंडाला लागलं होतं.

"किती दिवस सांगताय त्याला हे?"

"टँकर बंद झाल्यापासून. आज आठवा."

"आठ दिवस त्याला सांगताय. तो पितो का त्या विहिरीचं?"

मास्तरांनी जोडलेले हात सोडले.

"त्याला पहिल्याच दिवशी कळलंय हो. तो काही बहिरा नाही."

"सांगितलं की जरा बरं वाटतं," मास्तर म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला बरं वाटतं." तिचा आवाज चढला नाही. "इथे डोकं टेकलं की हलकं होतं, हे मीच तुम्हाला म्हणत आले इतकी वर्षं. पण इथे येऊन ओझं असं उतरवायचं, की ते त्या पोरीच्या डोक्यावर जाऊन बसावं? हे मी नव्हतं सांगितलं. उद्यापासून माझ्या शेजारी बसू नका. आधी तिथे जाऊन या. मग या."

शुक्रवारी, नवव्या दिवशी, मास्तर प्रयोगशाळेत गेले. लांब टेबलावर बाटल्यांची रांग होती आणि बाई एकेक चिठ्ठी चिकटवत होत्या. मास्तरांनी बसायच्या आत सांगून टाकलं, कारण बसलो तर पुन्हा राहील, अशी त्यांना भीती होती.

"बाई, तो लेख मी कापला. मशीनने नाही."

बाईंनी हातातली चिठ्ठी पूर्ण चिकटवली, अंगठ्याने कडा दाबल्या. "बारा दिवस मी लोकांना सांगतेय, मशीनने खाल्लं. कुणाला पटत नाही. मलाही पटत नव्हतं." मग त्यांनी वर पाहिलं. "वाचला होतात?"

"पहिला भाग वाचला. दुसऱ्याची फक्त पहिली ओळ."

"कुठली?"

"'पण हे तिन्ही युक्तिवाद फसवे आहेत.'"

"म्हणजे वाचला होतात."

"हो."

बाहेर कुणीतरी बाटल्यांचा क्रेट आपटला. बाई म्हणाल्या, "न वाचता कापला असतात तर मी दोन दिवस चिडले असते आणि विसरले असते."

मास्तरांना जे विचारायचं होतं, ते त्यांनी आता विचारलं. "नऊ दिवस. त्या गल्लीत एक मुलगी आहे. नऊ दिवस हे पाणी प्यायल्यावर काय होतं?"

"माहीत नाही."

"म्हणजे काही होत नाही?" मास्तरांच्या चेहऱ्यावर अशी काही सुटका दिसली, की बाई खुर्चीवरून उठल्या.

"मास्तर, तुम्ही परत तेच केलंत. मी म्हटलं माहीत नाही. तुम्ही ऐकलंत, काही होत नाही. मधलं कापलंत आणि सोयीचं तेवढं ठेवलंत. हे सगळे लेख असेच लिहिले जातात. खोटं एक अक्षर नसतं त्यांत. सरासरी पंचेचाळीस आहे, हे खरंच आहे. मासे जिवंत आहेत, हेही खरं. तुमच्या पानावर छापलेलं माझं एकही वाक्य खोटं नव्हतं."

मास्तर उभेच होते. शाळेत उभं केल्यासारखे. त्यांनी विचारलं, "काय करू?"

"दुसरा भाग छापा. त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत. माझा मथळा. आणि वर 'जागेअभावी' असलं काही नको. त्या गल्लीला माझं खरं वाटायला हवं. तो विश्वास तुमच्यामुळे गेलाय, तुमच्यामुळेच येईल. नजरचुकीने कापला गेला, एवढं लिहा. माझी हरकत नाही."

"नजरचुकीने नको," मास्तर म्हणाले. "नजर चुकली नव्हती."

'मी कापला' असं छापायला साहेब आधी तयार होईनात. "मास्तर, काय डोक्यात घेऊन बसलाय? पेपरात 'मी' नसतो. पेपर म्हणजे आपण सगळे."

"कापताना मी एकटाच होतो, साहेब."

"उद्या लोक म्हणतील, बाकीचंही असंच कापलेलं असतं."

साहेबांना स्वतःलाच आपण काय बोललो ते मागाहून ऐकू आलं असावं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "छापा. पण नाव तुमचं, तुमच्या जबाबदारीवर. आणि पुढच्या महिन्यापासून हे पान दुसऱ्या कुणाकडे देईन. राग मानू नका."

"नाही मानत," मास्तर म्हणाले. खरं तर मानला. बावीस वर्षांत ते पान त्यांचं झालं होतं. पण त्या गल्लीत जाऊन आलेल्या माणसाला रागाचा हक्क कुठून आणायचा, ते त्यांना कळेना.

शनिवारी त्यांनी लेखाचा दुसरा भाग जसाच्या तसा लावला. बाईंनी शेवटी एक परिच्छेद वाढवून पाठवला होता. त्यामुळे लेख नऊ ओळींनी जास्त झाला. मास्तरांनी त्या नऊ ओळी पाच वेळा वाचल्या, आणि मग झाडं लावण्याचं आवाहन करणारा स्वतःचाच एक बिननावाचा मजकूर पानातून उचलून ठेवला. वरच्या चौकटीत लिहिलं: 'हा लेख दोन आठवड्यांपूर्वी अर्धाच छापला गेला. पहिल्या भागात खोडून काढण्यासाठी मांडलेले युक्तिवाद होते. खोडून काढणारा भाग मी वगळला आणि मथळाही मीच बदलला. पुढे याच्या उलट लिहिलं आहे, हे मला कापतानाच दिसलं होतं. लेखिकेचा यात दोष नाही. मुलामा गल्लीतल्या विहिरीचं पाणी पिऊ नये.' खाली त्यांचं नाव. या दैनिकात ते पहिल्यांदाच छापून येत होतं.

रविवारी बायकोने ती चौकट मोठ्याने वाचली नाही. मनात वाचली. मग नावावर बोट ठेवून म्हणाली, "बरोबर छापलंय. काना-मात्रेसकट." आणि आत जाऊन चहा टाकला. देवापुढे बसताना मात्र तिने शेजारची जागा मोकळी ठेवली.

टँकर मंगळवारी आला. नगरपालिकेने त्याचं कारण दिलं नाही. मास्तर पेपर घेऊन गल्लीत पोचले तेव्हा रांग लागली होती आणि भांडणं सुरू झाली होती. इस्त्रीवाली रांगेत होती. तिने त्यांना ओळखलं.

"वाचक आले," ती म्हणाली. मागची बाई हसली, पण ती स्वतः हसली नाही. "त्या दिवशी तुम्ही पेला तोंडाला लावून खाली ठेवलात. मी म्हटलं, शहरातला माणूस, किळस आली असेल. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि पोरगी प्यायली तेव्हा बघत होतात."

"हो."

रांग एक हंडा पुढे सरकली. तिने आपला हंडा पायाने ढकलला. मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती, मास्तरांकडे नुसती बघत होती. कुणीतरी शिव्या घालेल, ढकलेल, अशी मास्तरांनी मनाची तयारी केली होती. तसं काही झालं नाही. त्यांना वाटलं, झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"चौकट शेजारणीने वाचून दाखवली," इस्त्रीवाली म्हणाली. "खालचं लांबलचक राहिलं. माझे हात ओले आहेत. तुम्हीच वाचा. आणि कापू नका."

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. टँकरच्या पंपाचा आवाज होता म्हणून मोठ्याने वाचावं लागलं. दहा विहिरींचे दहा-दहा आणि अकरावीचे चारशे, हे त्यांनी दोनदा वाचलं, कारण रांगेतल्या एका म्हातारीने "पुन्हा सांग रे बाबा" म्हटलं. हिशेब कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आमचं विष वाटून सगळ्यांच्या नावावर थोडं थोडं लावलं होय. प्यायचं मात्र आम्हीच." मासे जिवंत असतात त्याचं उत्तर वाचलं. मातीतलं क्रोमियम निराळं आणि कारखान्यातून येतं ते निराळं, हे वाचलं. मग शेवटचा, बाईंनी वाढवलेला परिच्छेद आला.

'या लेखाचा पूर्वार्ध छापून आल्यावर टँकर बंद झाला आणि दहा दिवस झाले, लोक हे पाणी पीत आहेत. त्यांच्या तपासण्या आम्ही सुरू करत आहोत. या दहा दिवसांचा परिणाम काय होईल, हे मला आज माहीत नाही. माहीत नाही याचा अर्थ काही होणार नाही, असा कुणीही घेऊ नये. काहीतरी होणारच, असाही घेऊ नये. माहीत नाही, एवढाच घ्यावा.'

"संपलं?" इस्त्रीवालीने विचारलं.

"संपलं."

"माहीत नाही, एवढंच?"

"एवढंच."

तिची पाळी आली. हंडा भरला, तो तिने डोक्यावर घेतला आणि मुलीला पुढे घातलं. दोन पावलं जाऊन ती वळली. "त्या बाई सोमवारी पोरीचं रक्त घेणार आहेत. कळलं की येऊन सांगायचं. छापून नाही. स्वतः येऊन."

त्याला आता सात महिने झाले. मास्तरांकडे आता बाजारभावांचं पान आहे. त्यात कापायला काही नसतं. दर रविवारी ते मुलामा गल्लीत जातात. तीन तपासण्या झाल्या, तिन्हींत काही वावगं निघालं नाही. बाई म्हणतात, वर्षभर तरी बघत राहायला हवं, त्यानंतरही खात्रीने सांगता येईल असं नाही. मास्तर हे सगळं, शेवटच्या वाक्यासकट, इस्त्रीवालीला सांगतात. ती इस्त्री फिरवत ऐकते. अजून तिने त्यांना बसा म्हटलेलं नाही, आणि येऊ नका असंही म्हटलेलं नाही. मुलगी त्यांना लांबून येताना बघते आणि आईला ओरडून सांगते, "माहीत नाहीवाले काका आले."